पार्किंगमधलं विमानाचं इंजिन

माणसं रिटायर झाली की देवदेव करतात. आमच्या ह्यांनी उल्हासनगरच्या भंगार बाजारातून विमानाचं इंजिन आणलं. शिकाऊ वैमानिकांच्या जुन्या विमानाचं. नऊ सिलिंडर, मधल्या दांड्याभोवती गोल पंगतीला बसल्यासारखे. तरुणपणी हे असल्याच इंजिनांवर फिटरचं काम शिकले. "एकदाच चालू करून ऐकायचंय गं," म्हणाले. मी म्हटलं, "ऐका, पण घरात आणलंत तर मी चालले बदलापूरला, बहिणीकडे."

मग ते अंबरनाथच्या आमच्या सोसायटीत, आमच्या पार्किंगच्या जागेत, लोखंडी घोडीवर चढलं. सेक्रेटरींच्या पोटात लगेच दुखायला लागलं. "काकू, हे कबाड दसऱ्यानंतर इथे दिसलं तर मी भंगारवाला बोलावणार." ह्यांनी जेवणखाण विसरून हात काळे केले. खालच्या सिलिंडरांत साचलेलं तेल काढलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पोने मित्राच्या वर्कशॉपमध्ये नेऊन सुरू करायचं ठरलं. फक्त हवा ओढायचं तोंड उघडं होतं. त्याची जाळी हे दसऱ्याच्या सकाळी वर घरात धूत बसले होते.

खाली गाड्यांची पूजा चाललेली. आमच्या बायका म्हणजे काय, दिसेल त्याला कुंकू! स्कूटर झाल्या, पाण्याचा पंप झाला, मग इंजिनाची पाळी. उघडं तोंड दिसलं आणि भक्तीला नुसता ऊत आला. अक्षता घातल्या, झेंडू कोंबला, वर पेढा. पंचामृत तर खुद्द सेक्रेटरींनी ओतलं. अरे मेल्या, कबाड म्हणत होतास ना!

हे जाळी घेऊन आले, आतून दूध ठिबकताना पाहिलं आणि घोडीला धरून उभे राहिले. "सगळं खोलून धुवायला लागेल," म्हणत पाना उचलला, तर सेक्रेटरी आडवे. "काका, पूजेतल्या वस्तूला पाना? वेड लागलंय का?" दुसऱ्या दिवशी टेम्पोसुद्धा गेटवरूनच परत पाठवला. सोसायटीचं भाग्य बाहेर जाईल म्हणे! हे खूप भांडले. भांडणात महिना गेला आणि तोवर आत सगळं चिकटून, गंजून बसलं.

आता तिथे लाल कठडा आहे, रोज उदबत्ती लागते. "काकू, तुमच्यामुळे देव आला," सेक्रेटरी म्हणतात. त्यांच्या हातातलं ताट हिसकावून भिरकावून द्यावंसं वाटतं मला. आरतीचा पहिला मान ह्यांना दिलाय. हे खाली उतरतच नाहीत. घंटा वाजली की उठून खिडकी लावून घेतात.