दम तुटल्यावर

बहरीन, १९८४च्या हिवाळ्यातला एक शुक्रवार. पैज एक दिनारची. नईम मोहल्ल्यातल्या व्हिडिओच्या दुकानात मी, दुकानदार आणि गुहागरकडचा एक अनोळखी ड्रायव्हर. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलची कॅसेट चालू होती. चेंडू फेकून मोकळ्या झालेल्या खेळाडूला समोरच्या संघातल्या एकाने आडवं केलं आणि पंचाने दंड दिला.

“पंच चुकला. खेळात एवढं चालायचंच,” मी म्हणालो.

“पंच बरोबर. लावा दिनार!” ड्रायव्हर वाकडा गुडघा चोळत म्हणाला. “चेंडू सुटला म्हणजे दम तुटला, साहेब. कबड्डीत माझा दम तुटला, मी बाद झालो, तरी चौघं अंगावर पडले. आमचा पंचही म्हणाला, खेळात एवढं चालायचंच.”

त्या फुटबॉलचे नियम मला आजही ठाऊक नाहीत. एक दिनार मी त्यालाच दिला.