भट्टीच्या खोलीतला घाम

आ-युन ही माझी सख्खी धाकटी बहीण. खरं नाव बीयुन, पण घरात तिला आ-युनच म्हणतात. आधीच सांगून ठेवतो, कोळशाच्या आचेवर चहा भाजणारी तिच्यासारखी दुसरी आमच्या डोंगरावर नाही. कोणाला वाटत असेल आहे, तर त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं. शाळा मी लवकर सोडली, त्यामुळे सांगणं आडवंतिडवं होईल. पण बहीण माझी आहे, तेव्हा तिची गोष्ट दुसऱ्या कोणी सांगायचा प्रश्नच येत नाही.

तर आ-युनच्या काखेला वास यायचा. यात लपवण्यासारखं काही नाही, तिनंच सांग म्हटलंय. लहानपणी शाळेतल्या पोरी तिला कोल्हीण म्हणायच्या, कारण आमच्याकडे त्या वासाला कोल्ह्याचाच वास म्हणतात. दोघीतिघींच्या वेण्या मी ओढल्या तेव्हा ते बंद झालं. पुढे बाबांनी तिला भट्टीच्या खोलीत घेतलं आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली.

चहाची गरम पत्ती म्हणजे चोर. आसपास जो वास असेल तो उचलते आणि पोटात घालून बसते. म्हणून भाजायच्या दिवसांत लसूण नाही, कांद्याची पात नाही, साबण नाही. अंग धुवायचं ते चहाच्या बियांच्या पेंडीनं, कपडे नुसत्या पाण्यात उकळायचे. बाजारात काखेत मारायच्या फवाऱ्याच्या रंगीत बाटल्या मिळतात, पण त्या तर उंबऱ्याच्या आत आणायच्या नाहीत, गुलाबाचा वास मारतात. आणि खोली कशी? जमिनीत खड्डा, खड्ड्यात लाँगन नावाच्या फळझाडाच्या लाकडाचा कोळसा, त्यावर भाताच्या तुसाची राख आणि वर बांबूची टोपली. खिडकी नाही. अशा ठिकाणी माणूस घामानं निथळणार नाही तर काय करणार?

बाबा होते तोवर कोणी काही बोललं नाही. बाबा गेले, आणि घराची सूत्रं आ-चेककडे आली. आ-चेक म्हणजे आमचे धाकटे काका. माणूस वाईट नाही, पण जीभ चुन्यात बुडवलेली.

वसंतातला चहा न्यायला ल्याओशेठ आला होता. शहरातला जुना व्यापारी, बाबांच्या वेळेपासून आमचा माल नेतो. त्यानं पेला नाकाशी धरला, परत धरला, खाली ठेवला आणि म्हणाला, "भाजणी सुरेख आहे. पण आत कोणाचा तरी घाम आहे."

आ-चेकनं मान वळवून आ-युनकडे पाहिलं. ती किटलीकडे बघत राहिली.

ल्याओशेठ गेल्यावर आ-चेक म्हणाला, "शरदाच्या सणाचा चहा हीच भाजेल, ही शेवटची संधी. त्यातही वास निघाला तर खड्डा बुजवायचा आणि विजेची भट्टी आणायची. मशिनला काख नसते."

"आ-चेक, जिभेला जरा कुलूप घाला," मी म्हटलं.

"तू तिच्या काखेला घाल, मी जिभेला घालतो."

आ-युन उठून पेले धुवायला गेली. तिला दुसरं काही येत नाही असं नाही, पण तिला दुसरं काही करायचंच नाही. तो खड्डा गेला असता तर ती परक्या घरात पाहुणी असल्यासारखी स्वतःच्याच घरात बसून राहिली असती.

मग तिचे प्रयोग सुरू झाले. आधी तुरटी. तुरटीचा खडा ओला करून फिरवला की वास जातो, हे सगळ्यांना ठाऊक. वास गेलाही. पण आ-युनची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. दोन दिवसांत काख लाल झाली, हात वर उचलवेना, आणि हात उचलला नाही तर पत्ती करपू नये म्हणून वेळच्या वेळी टोपली कशी उलटणार? मग खायचा सोडा आणि लिंबाचा रस. तेव्हा तर फोडच आले. रात्रभर ती ओला रुमाल काखेत धरून बसली होती.

"आधी माझ्यावर करून बघत जा," मी म्हटलं. "माझी कातडी रेड्याची आहे."

"म्हणूनच उपयोग नाही, आ-हिआ," ती म्हणाली. मला ती आ-हिआ म्हणते, म्हणजे दादा. "तुला काही होत नाही आणि तू म्हणतोस छान आहे. तुझ्यावरून मला काय कळणार?"

आल्याचा रस झाला, तांदळाचं आंबवलेलं पाणी झालं. शेवटी उपाय सापडला तो अंगणातल्या ढिगात. भाजायच्या आधी पत्तीतून काड्या निवडून काढतात, त्या आम्ही फेकतो किंवा उशीत भरतो. तिनं त्या मूठभर काड्या पाणी काळं होईपर्यंत उकळल्या, गार केल्या आणि त्यात तुरटीची चिमूट टाकली, अगदी चवीपुरती म्हणतात तेवढीच. ते पाणी काखेला लावायचं, वाऱ्यावर सुकू द्यायचं आणि वरून आरारूटचं पीठ थापायचं. आग नाही, खाज नाही, पुरळ नाही. दिवसभर राबून संध्याकाळी ती माझ्यासमोर आली आणि हात वर केला.

"हुंग."

"मी?"

"मग काय आ-चेकला बोलावू?"

मी हुंगलं. चहाच्या काड्यांचा पुसटसा वास येत होता, बाकी काही नाही. खोटं सांगत नाही, मी दहा जणांना बोलावून हुंगायला लावणार होतो, पण तिनं डोळे वटारले.

सणाचा चहा भट्टीवर चढला तो सणाच्या महिनाभर आधी, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला. त्या दिवशी आमच्याकडे बिनवारशांना जेवू घालतात. मेलेल्यांपैकी ज्यांच्या मागे कोणी नाही त्यांना. भूत म्हणायचं नाही, चांगले भाऊ म्हणायचं. अंगणात रस्त्याकडे तोंड करून टेबल मांडतात, कोंबडी, फळं, भात ठेवतात, आणि टेबलाखाली पाण्याचं घंगाळ आणि नवा टॉवेल. लांबून चालत आलेल्यांनी आधी तोंड धुवावं म्हणून. उदबत्त्या पेटल्या की भट्टीच्या खोलीचं दार लावून घ्यायचं आणि फटीत ओलं फडकं कोंबायचं, कारण धूर आत गेला तर चहा गेला. आजोबांपासून असंच चालत आलंय.

दुपारी रोजच्यासारखं धुकं उतरलं. बाहेर आ-चेक उदबत्त्या लावत होता, आत आ-युन एकटी टोपलीशी बसली होती. अंग धुतलेलं, काड्यांचं पाणी लावलेलं, पीठ थापलेलं. पत्ती तापायला लागली आणि तिला वास आला.

तोच वास. आंबट, उबदार, माणसाचा.

तिनं मान वाकवून स्वतःला हुंगलं, एक बाजू, मग दुसरी. काही नाही. सदरा हुंगला, काही नाही. मान वर केली की वास होता. ती टोपली उलटायला खड्ड्याच्या पलीकडे गेली, तर वास तिथून उठला आणि ती आधी बसली होती तिथे आला. ती परत फिरली. वास परत पलीकडे गेला. उभं राहिलं की कमी, उकिडवं बसलं की बरोबर नाकासमोर. टोपलीच्या दुसऱ्या अंगाला कोणी उकिडवं बसलं असतं तर त्याची काख जिथे आली असती, तिथे.

ती ओरडली नाही. दाराशी आली, फडकं बाजूला केलं आणि फटीतून म्हणाली, "आ-हिआ, जरा आत ये. बोलू नकोस, नुसता हुंग."

मी आत गेलो. आधी तिला हुंगलं, मग खोलीला. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले आणि मी भित्रा माणूस नाही, हे गावाला माहीत आहे.

"हा तुझा नाही," मी म्हटलं.

"इतकी वर्षं मला वाटायचं माझा आहे," ती म्हणाली. "माझा होताच. पण त्याच्याखाली हा होता."

मी आ-चेकला बोलावलं. तो तोंड सोडतच आत शिरला. "पाहुणे दारात जेवतायत आणि तुम्हाला इथे काय..." आणि थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, लहान मुलाचा उतरतो तसा. मग तो खाली बसला.

"कोळसा," तो म्हणाला.

"कुठला कोळसा?"

"माणूस होता. हा खड्डा त्यानंच खणला. दक्षिणेकडून कुठून तरी आला होता, आम्ही पोरं त्याला कोळसाच म्हणायचो, नाव कोणी विचारलंच नाही. तुमच्या बाबाला भाजणी त्यानं शिकवली. इथेच झोपायचा. थंडीत मी त्याच्या कुशीत शिरायचो, म्हणून वास माहीत आहे." आ-चेकनं गुडघ्यावरून हात फिरवला. "एका हिवाळ्यात दार लावून झोपला, आत निखारे होते. सकाळी उठला नाही. बांबूच्या बनामागे पुरला. मागे कोणी नव्हतं."

बाहेर अंगणात उदबत्त्यांचा धूर धुक्यात मिसळत होता. आ-युन दाराकडे बघत होती.

"दर वर्षी आपण सगळ्या बिनवारशांना जेवायला बोलावतो," ती म्हणाली, "आणि याच्या तोंडावर दार लावून घेतो."

"चहासाठी लावतो," आ-चेक म्हणाला.

"तेच म्हणते मी."

ती बाहेर गेली आणि टेबलाखालचं घंगाळ उचलून आणायला लागली. आ-चेक आडवा आला. "पोरी, त्यांना आत आणायचं नसतं. रस्त्यावर द्यायचं आणि रस्त्यानं पाठवायचं. एकदा आत घेतलंस तर जाणार नाही."

"आ-चेक, तो आतच आहे. बाजूला व्हा, पाणी सांडेल."

तो बाजूला झाला. माझ्या बहिणीला त्या दिवशी कोणीही बाजूला झालं असतं.

उदबत्ती तिनं लावली नाही, खोलीत धूर चालत नाही. खड्ड्याच्या पलीकडे घंगाळ ठेवलं, कडेला टॉवेल, त्याच्या शेजारी काड्यांच्या पाण्याची स्वतःची बाटली आणि आरारूटचा डबा. आम्हाला तिनं बाहेर काढलं. चहा आचेवर होता, म्हणून ती मात्र आतच राहिली, पण पाठ फिरवून, कारण चांगले भाऊ अंग धूत असताना बघायचं नसतं. पुढचं तिनं मला सांगितलं तसं सांगतो.

भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "काका, फार घाम गाळलात. जरा अंग पुसून घ्या. हे पाणी झोंबत नाही, मी लावून बघितलंय."

बराच वेळ काही नाही. नुसती कोळशाची कुरकुर. मग पाण्यात कापड बुडल्याचा आवाज आला. मग पिळल्याचा, सावकाश, दोनदा. पाणी घंगाळात पडत होतं. तिला वाटलं आपल्याच कानात रक्त वाजतंय, म्हणून तिनं श्वास धरला. आवाज चालूच होता. मग बाटलीचं बूच फिरलं. टोपली उलटायची वेळ झाली होती, पत्ती तापून चुरचुरत होती, पण तिनं मान वळवली नाही. तिच्या मागे टोपली उचलली गेली, झटकली गेली आणि परत आचेवर बसली. अगदी बरोबर वेळेला. त्यानंतर वास विरत गेला, पेल्यावरची वाफ विरते तसा.

तिनं दार उघडलं तेव्हा मी आत बघितलं. घंगाळातलं पाणी काळं होतं, राखेसारखं. टॉवेल पिळून कडेवर नीट वाळत घातलेला. बाटली रिकामी. आणि खोलीत चहाशिवाय कशाचाही वास नव्हता.

घंगाळ आ-चेकनं उचललं. बांबूच्या बनामागे जाऊन ते ओतून आला आणि उरलेला दिवस कोणाला टोचून बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ल्याओशेठ आला. आ-युननं पाणी ओतलं, पेले भरले. म्हातारा हुंगत राहिला, मग घोट घेतला, मग रिकामा पेला परत हुंगला.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "एकदम स्वच्छ. सगळा घेतो."

"ऐकलंत, आ-चेक?" मी म्हटलं. "खड्डा बुजवणार होतात ना?"

"खड्डा तिचा," आ-चेक म्हणाला. "मी कशाला हात लावू?"

ल्याओशेठ अजून पेल्याकडेच बघत होता. "भाजणारा बदललात का?"

"हिनंच भाजलाय, पहिल्यापासून शेवटपर्यंत," मी म्हटलं. "आमच्या घरात दुसरं कोण भाजणार?"

"असेल. पण इतकी वर्षं मला वाटायचं, एका टोपलीला दोघांचे हात लागतात. यात दुसऱ्याचे जेमतेम आहेत."

आ-युननं पेले एकात एक घातले. "आता एकाचेच आहेत," ती म्हणाली आणि पुढची टोपली चढवायला भट्टीच्या खोलीत गेली.

आम्ही माल बांधत होतो. थोड्या वेळानं तिकडून वास आला, आणि तो घामाचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बहिणीच्या टोपलीतली पत्ती करपली होती. इतकी वर्षं ती टोपली वेळेवर कोण उलटत होतं, ते मला तेव्हा कळलं. मी ल्याओशेठच्या खांद्यावर हात टाकला, त्याला वास पोचणार नाही अशा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि मोठमोठ्यानं बोलायला लागलो.