बाईसाहेबांचे अकरा दात

माझ्या मावशीने एकतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. चादरीला एक सुरकुती दिसली तरी तिच्या वॉर्डातल्या आयांची धांदल उडायची. घरीही तोच कारभार. टॉवेल तिहेरी घडीत, औषधं तारखेप्रमाणे, आणि आलेल्या पाहुण्याने किती वाजता उठावं हेही तिने मनाशी ठरवून टाकलेलं असायचं. मी तिची सख्खी भाची, त्यात त्याच गल्लीत राहणारी, म्हणजे तिच्या बोलण्याचा सगळ्यात जास्त मार माझ्याच वाट्याला. तशी मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही.

ती कडक होती, पण दुष्ट नव्हती. डॉक्टर दुखण्याच्या इंजेक्शनापुढे 'लागलं तर' एवढंच लिहून जायचे, आणि लागलं की नाही हे मावशी ठरवायची. पेशंट कण्हला, त्याने मागितलं, की ती हातातलं काम टाकून धावायची. गप्प पडलेला पेशंट बरा आहे असं धरायचं. तीस खाटा आणि दोन सिस्टर, प्रत्येकाच्या उशाशी बसायला वेळ कोणाला होता? पुढे तो नियम तिच्या अंगातच मुरला.

काका म्हणजे तिचे यजमान. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माणूस इतका अबोल, की शेजारच्यांना वर्षभर वाटत होतं मावशी एकटीच राहते. त्यांच्याशी सविस्तर बोलायची ती फक्त त्यांची करड्या रंगाची मांजर. तिला ते बाईसाहेब म्हणायचे, आणि ती तशीच वागायची.

मावशीच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना काकांच्या पोटात गाठ निघाली. पाच महिन्यांत ते गेले, घरीच. डॉक्टरांनी जबर गोळ्या दिल्या होत्या. मावशीने त्या खोलीतल्या कपाटात ठेवल्या आणि दुखलं की सांगा म्हणाली. काका सांगायचे नाहीत. पुढे भेटायला आलेल्यांसमोर ती बिस्किटांचा डबा उघडून उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या दाखवायची. "सहा पट्ट्या आणल्या होत्या, चार तशाच राहिल्या. एवढं मोठं दुखणं, पण तोंडातून ब्र काढला नाही." सांगताना तिची मान ताठ व्हायची.

मी तेव्हा खाली बघायची. दुपारी ती ड्यूटीवर असताना काकांपाशी मी बसायची ना. एकदा लवकर पोचले, तर त्यांनी उशीचं टोक दातांत घट्ट धरलेलं होतं आणि कपाळ घामाने भिजलेलं. मी कपाटाकडे धावले. त्यांनी अर्धी गोळी घेतली आणि म्हणाले, "मावशीला सांगू नकोस. दिवसभर हेच ऐकून येते ती." मी सांगितलं नाही. ते गेल्यावर तर सांगण्यात अर्थच नव्हता, असं मी स्वतःला समजावलं.

यंदा बाईसाहेबांच्या तोंडाला वास यायला लागला. घास एका बाजूने चावायच्या, अर्धा खाली पाडायच्या. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान, पण कामाला चोख. त्यांनी भूल देऊन अकरा दात काढले. निघताना एक बाटली आणि बिनसुईची सिरिंज दिली. दर आठ तासांनी गालाच्या आत थेंब सोडायचे, पाच दिवस, मांजर शांत दिसली तरी. माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही द्यायची नाही, ती मांजराला विषासारखी. शिवाय दुखणं ओळखायला मांजराच्या चेहऱ्यांची चित्रं काढलेला एक कागदही दिला. मावशीने सगळं ऐकून घेतलं, नव्या नर्सचं बोलणं ऐकावं तसं.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर बाईसाहेब काकांच्या खुर्चीखाली अंग आखडून बसलेल्या. वाटीतलं मऊ खाणं सुकून गेलेलं. बाटली जवळजवळ भरलेली. पहिल्या संध्याकाळी थेंब दिले, मग लागले नाहीत, असं मावशीचं म्हणणं. तिने मांजरीला मांडीवर घेतलं. बाईसाहेब घुरघुरायला लागल्या.

"बघ," मावशी म्हणाली. "दुखत असतं तर ओरडली नसती?"

मी तोंडाला येईल ते बोलले. तीही बोलली. शेवटी मी मांजरीला टोपलीत घातलं आणि निघाले, तशी ती मागोमाग आली, चपलेचा बंद न लावताच.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरची चित्रं बाईसाहेबांच्या चेहऱ्याशेजारी धरली. कान बाजूला पडलेले, डोळे मिचमिचे, मिशा ताठ, डोकं खाली. आणखी दोन दिवस उपाशी राहिली असती तर लिव्हरवर गेलं असतं, असं त्यांनी सांगितलं. घुरघुरण्याचं मावशीने विचारलंच. मांजर दुखतानाही घुरघुरतं, त्या म्हणाल्या, स्वतःलाच धीर देत असेल बिचारं.

"सिस्टर, ती मागणार नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "वेळ झाली की द्यायचं."

तिथेच थेंब दिले. घरी येऊन तास-सव्वा तास झाला असेल, बाईसाहेब खुर्चीखालून निघाल्या. कान उभे. वाटीपाशी गेल्या, आधी चाटलं, मग सगळं संपवलं आणि वाटी फरशीवर ढकलत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेली. मला इतकं हसू आलं की मघाचं भांडण विसरले. वळून पाहिलं तर मावशी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"एवढ्याशा थेंबाने?" ती म्हणाली.

मग आत जाऊन डबा घेऊन आली. काकांच्या खाटेच्या कडेवर बसली आणि चारही पट्ट्या मांडीवर ठेवल्या. त्या दिवशी तिने एकही पट्टी वर धरून दाखवली नाही.

"तू दुपारी असायचीस," ती म्हणाली. "त्यांना दुखायचं का गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. "खूप," मी म्हणाले.

"मी रोज विचारायचे."

"विचारायचीस. दारात उभी राहून, घड्याळ बांधता बांधता."

आणि मी उशीचं सांगितलं. काकांनी काय बजावलं तेही. ती पट्टीवरच्या न फोडलेल्या गोळ्यांवरून एकेक करत अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्यांचा स्वभावच तो. ते सांगणार नव्हते. तू तर बोलकी होतीस."

मी तिच्या मांडीवरच्या पट्ट्या उचलून डब्यात भरल्या.

पुढचे दिवस तिने गजर लावून थेंब दिले, एकदाही मिनिटभर चुकली नाही. देण्याआधी चष्मा चढवून खाली बसायची आणि बाईसाहेबांचा चेहरा कागदाशी ताडून बघायची. मांजर सुधारत गेली तशी मावशी खचत गेली. मला वाटलं होतं, ती चिडेल, माझं तोंड बघणार नाही. ती मला रोज बोलवायची आणि शेजारी बसवून घ्यायची.

गेल्या आठवड्यात काकांच्या दुकानाचे जुने मालक आले. चहा घेता घेता म्हणाले, काय सोसलं हो त्यांनी, हूं की चूं नाही. मावशीची नजर डब्याच्या फळीकडे गेली. मग तिने माझा हात आपल्या हातात धरला.

"त्यांनी सोसलं," ती म्हणाली, "आणि आम्ही दोघींनी सोसू दिलं."

मी हात सोडवून घेतला नाही.