काकांचा डावा हात

माझ्या बायकोला वाटतं, माझं सगळं तिला माहीत आहे. पगार, पासवर्ड, कॉलेजातली ती मुलगी, मॅनेजरला मारलेल्या थापा — सगळं. आणि ते खरंही आहे, एवढी एक गोष्ट सोडली तर. ही गोष्ट तिला सांगितलेली नाही, आईला नाही, बुद्धवंदनेला डोळे मिटून बसल्यावर स्वतःलासुद्धा धड सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात फार धैर्य आहे असं नाही, हे मलाही कळतं.

गोष्ट ढोलकीची आहे. म्हणजे — कुणी न वाजवलेल्या ढोलकीची.

मी सिंगापूरला हौगांगमध्ये राहतो, कंप्युटरच्या चिपा तपासणारा इंजिनिअर आहे, आणि शनिवार-रविवार घरी संगीत करतो. बेडरूमच्या कोपऱ्यात लॅपटॉप, दोन छोटे स्पीकर आणि हातभर लांबीचा कीबोर्ड. बासरी, सनई, सारंगी, व्हायोलिनचा अख्खा ताफा, सगळं त्या लॅपटॉपात. मला स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नाही. गरजच काय? कुठल्यातरी स्टुडिओत कुणीतरी कसलेला वादक एकेक बोल हळू, जोरात, मध्यम असा पन्नासदा वाजवून ठेवतो; त्याला म्हणतात सॅम्पल. मी इथे पट्टी दाबतो आणि त्याचा हात वाजतो. यात फसवणूक नाही. आजकाल निम्मं संगीत असंच होतं, आणि आमच्या इथल्या जयंती मंडळात मी ते कधी लपवलंही नव्हतं. उलट मिरवायचोच.

काका म्हणजे सुनीताताईंचे वडील. ताई इथे संशोधन करतात, पासिर रिसला राहतात. आमची ओळख दरवर्षीच्या आंबेडकर जयंतीमुळे झाली. त्यांची आई गेल्यावर त्यांनी काकांना कल्याणहून इकडे आणलं. काकांनी जन्मभर कारखान्यात फिटरचं काम केलं आणि तीस वर्षं गायन पार्टीत ढोलकी वाजवली — गावोगाव, रात्ररात्रभर भीमगीतं. मग अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं, बोलणं सगळं परत आलं, फक्त डाव्या हाताची बोटं जरा मागे राहिली. ‘आळशी झालाय लेकाचा,’ असं ते त्या हाताबद्दल म्हणायचे, घरातल्या कामचुकार जावयाबद्दल बोलावं तसं.

त्या वर्षी जयंतीसाठी मी स्वतः एक गाणं केलं. चाल माझी, शब्द माझे. आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहून टाकलं की यंदा ढोलकी खरी, काकांची. हे का लिहिलं? काकांवर प्रेम होतं म्हणून? होतंच. पण ‘आपल्या गाण्यात खरा वादक आहे’ असं म्हणायची हौस त्याहून मोठी होती. आता इतक्या वर्षांनी ते मान्य करायला काय हरकत आहे?

मार्चमधल्या एका रविवारी काका बसने एकटेच आले. चादरीत बांधलेली ढोलकी मांडीवर घेऊन बसले होते म्हणे, आणि शेजारच्या चिनी आजीने आत काय आहे ते उघडून दाखवायला लावलं. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, मलय लग्न होतं. पोरं हातातली डफासारखी वाद्यं एकदिलाने बडवत होती. काका खिडकीत उभे राहून मान डोलवत म्हणाले, ‘पोरं लयीत आहेत हां.’ त्या आवाजात रेकॉर्डिंग होणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही घरातल्या बॉम्ब शेल्टरमध्ये, इथल्या फ्लॅटांत असते त्या जाड भिंतींच्या खोलीत, घुसलो — तांदळाची पोती, सुटकेसी, मुलीची जुनी सायकल बाहेर काढली, लोखंडी दार ओढून घेतलं. काकांच्या कानाला हेडफोन, समोर माइक. दोन तास ते वाजवत होते. घामाने बनियन ओलं झालं, पण थांबायला तयार नाहीत.

ते गेल्यावर मी ऐकलं.

उजवा हात — काय सांगू? शाईवरचा एकेक बोल ठसठशीत. पण डावा! घुमणारा आवाज जिथे यायचा तिथे नुसतं थापटल्यासारखं, आणि तेही उशिरा. दुगुणीत, लय दुप्पट होते तिथे, तर डावा जवळजवळ नव्हताच. मी आठवडाभर ओढाताण केली. हे पुढे सरकव, ते मागे ने, आवाज वाढव. जमेना. शेवटी ढोलकीची सॅम्पल उघडली आणि काकांनी वाजवलेला बोल न् बोल, दोन्ही हातांचा, पट्ट्यांवर नव्याने वाजवून काढला. त्यांचेच तुकडे, त्यांच्याच जागा, पण हात दुसऱ्याच कुणाचा. इतकं सफाईदार झालं की खोटं वाटायला लागलं. त्यावरही उपाय असतो. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, ते फिरवलं की वाजवणं थोडं चुकतं, माणसाचं वाटावं म्हणून. माणसाच्या चुका काढून टाकल्या होत्या मी, आणि आता यंत्राकडून मोजून चुका घालून घेत होतो. त्या वेळी मला याची लाजबिज काही वाटली नाही. छान जमलंय, एवढंच वाटलं.

इथपर्यंत फारसं बिघडलेलं नव्हतं. कुणीही असं करतो, आणि करून वादकाला सांगतो. ‘काका, डावा नीट येत नव्हता, मी मशीनचा घातला.’ एवढं एक वाक्य. ते थोडे खट्टू झाले असते, मग मला एखादी शिवी घातली असती, मग चहा मागितला असता.

पुढच्या रविवारी पासिर रिसला जाऊन मी गाणं ऐकवलं. ताई, त्यांची मुलगी मैत्रेयी, काका. मैत्रेयी ओरडली, ‘आजोबा, सो शिओक लाह!’ म्हणजे इथल्या भाषेत ‘कसलं भारी!’ काका पुन्हा लाव म्हणाले. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, ‘हा डावा माझाच का रे?’

मी म्हणालो, ‘तुमचाच, काका. माइक चांगला आहे, एवढंच.’

हीच ती थाप. सहा शब्दांची. का मारली? ताई समोर होत्या, मैत्रेयी नाचत होती, काकांचे डोळे भरले होते... ही झाली कारणं. पण खरं म्हणजे ग्रुपवर लिहिलेलं मला खोटं पडू द्यायचं नव्हतं. काकांनी ताईंकडे वळून हात वर केला, बोटं उघडली, मिटली. ‘बघ, परत आला,’ म्हणाले.

चार दिवसांनी ताईंचा फोन. बाबा रोज सकाळी वाजवतायत, आणि जयंतीला स्टेजवर बसून वाजवणार म्हणतायत. सांगायला अजून दोन आठवडे हातात होते, आणि रोज ठरवूनही मी सांगितलं नाही. उलट काकांना फोन करून म्हणालो, काका, दगदग कशाला, ट्रॅक वाजू दे, तुम्ही नुसते बसा. ‘नुसतं बसायला मी काय फोटो आहे?’ असं म्हणून ते मोठ्याने हसले.

तोआ पायोहच्या हॉलमध्ये शे-सव्वाशे माणसं. कार्यक्रम त्रिसरण-पंचशीलाने सुरू झाला. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मीही हात जोडून सगळ्यांबरोबर म्हटलं. मग आमचं गाणं. काका पांढऱ्या झब्ब्यात, निळं उपरणं. मी लॅपटॉपवर, ढोलकीचा ट्रॅक बंद करून. पहिलं कडवं संथ होतं, निभावलं. दुसऱ्या कडव्यात लय वाढली आणि डावा हात मागे पडला. काकांनी एक तुकडा सोडला, दुसरा धरायला गेले, तोही सुटला. लोक मदत म्हणून टाळ्या वाजवू लागले. मग ते थांबलेच. त्यांनी लोकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त त्या हाताकडे पाहत राहिले.

आणि मी काय केलं? ढोलकीचा ट्रॅक चालू केला. हॉलभर दणदणीत ढोलकी घुमू लागली. स्टेजवर काका दोन्ही हात मांडीवर ठेवून, आपला म्हणून सांगितलेला तो हात ऐकत बसले. नंतर तीन जणांनी माझी पाठ थोपटली, वेळेवर सावरलंस म्हणून.

तुम्हाला वाटेल, झालं एवढंच. मलाही तसंच वाटलं होतं.

पण ताई शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता — तीन आठवड्यांपूर्वी हात उत्तम, आज हात गेलेला. म्हणजे मधे दुसरा झटका येऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकांना हॉस्पिटलात नेलं आणि डॉक्टरला फोनवर ते गाणं ऐकवलं. हा पुरावा. तिथूनच त्यांनी मला फोन केला, ‘नीलेश, ते रेकॉर्डिंग नक्की कोणत्या तारखेचं? डॉक्टर विचारतायत.’

मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभा होतो. हातात कॉफी. मी तारीख सांगितली. वेळही सांगितली. दोन्ही अगदी बरोबर होत्या.

काकांचा एमआरआय झाला, मग आणखी तपासण्या, आणखी एक डॉक्टर. कुणालाच नवीन काही सापडलं नाही. सापडणार काय होतं? पण काही सापडत नाही याचीच काकांना जास्त धास्ती बसली. आपल्या अंगात डॉक्टरलाही न दिसणारं काहीतरी चाललंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. बसने एकटं जाणं बंद झालं. ढोलकी चादरीत बांधून कपाटावर गेली. तपासण्या चालू असतानाच एका संध्याकाळी मी बॉम्ब शेल्टरमधलं ते मूळ रेकॉर्डिंग काढलं, एकदाही न ऐकता पुसून टाकलं. बॅकअपमधूनही पुसलं. मी कामात चोख आहे.

जूनमध्ये काका कल्याणला परत गेले. मरायचं तर आपल्या माणसांत, असं म्हणाले म्हणे. त्यानंतर दीड वर्षाने ते न्यूमोनियाने गेले.

काकांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून ताई कल्याणहून परत आल्या, तेव्हा मी आणि बायको त्यांना भेटायला गेलो. दुपारची वेळ होती. बायको आत चहा ठेवत होती. ताईंनी सांगितलं की तिकडे स्पीकरवर बाबांची ढोलकी लावली होती, गायन पार्टीतले म्हातारे रडले. मग म्हणाल्या, ‘माझंच चुकलं रे. मी त्यांना स्टेजवर बसू दिलं. त्या ताणाने हात गेला, आणि मग माणूसच गेला. मी नाही म्हणायला हवं होतं.’

मी म्हणालो, ‘ताई, तुमची काही चूक नाही. स्वतःला असा दोष देऊ नका.’ अगदी मनापासून, हळू आवाजात म्हणालो.

ताईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, ‘तू होतास म्हणून निदान बाबांचा हात तरी आमच्याकडे राहिला.’

मी ‘हो’ म्हणालो.