झाकलेली टोपली

आज सूनबाईने मिठाचं नवं पोतं सोडलं आणि खाडीच्या चिखलाचा तो वास घरभर झाला. हातातलं सूप तसंच ठेवून मी उठले.

माझं माहेर ठाण्याचं, मिठागराला लागून. लग्न होऊन कल्याणपलीकडच्या या गावात आले, तेव्हा मी हट्टाने माझी पाळलेली कबुतरी सोबत आणली. आगगाडी नवी होती, घरचे तिला बिचकत; म्हणून बैलगाडीने आलो. सासूबाईंनी वाटभर टोपलीवर घोंगडी टाकून ठेवली. "वाट दिसली तर परत जाईल गं ती," म्हणाल्या. पुढे महिनाभर तिला खुराड्यात कोंडून तांदूळ चारले.

मग एका दुपारी म्हणाल्या, "आता इथली झाली ती. सोड."

मी अंगणात तिला सोडलं. खाडीवरून वारा सुटला होता. कबुतरी कौलावर बसली, वाऱ्याकडे चोच करून तिने मान ताणली, एक घिरटी घातली आणि सरळ ठाण्याच्या दिशेला निघून गेली.

"अगं बाई! टोपली तर झाकली होती," सासूबाई म्हणाल्या.

"पण वास येतोय ना," मी म्हटलं. मलाही येत होता.

त्यांनी एकदम माझं मनगट घट्ट धरलं. मी पळेन म्हणून धरलंय, असं तेव्हा वाटलं. त्यांचंही माहेर खाडीकाठचं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

"सासूबाई, केव्हाच्या फेऱ्या घालताय, बसा ना जरा," सूनबाई म्हणते आहे.

कशी बसू? वारा खाडीवरचा आहे.