काचेवरच्या टिकल्या

मी जन्मापासून आंधळी. एकसष्टाव्या वर्षी वरून शहाणीही झाले होते. दोन्ही एकदम असू नये. आता सत्तरीला टेकल्यावर त्या एकसष्टीतल्या पोरीची लई कीव येते.

तेव्हा माझा जुना कीबोर्ड दमला होता. तो घेऊन मी दर शनिवारी मुलींच्या वसतिगृहात गाणं शिकवायची. मुलीही माझ्यासारख्याच, न दिसणाऱ्या. तिथं शेजारी बसून बटण दाखवायला कुणी डोळस नसायचं. "आपलं आपल्याला चालवता येत नाय, तर वाजवायचं कशाला?" असं मीच त्यांना ठणकावलेलं. म्हणजे नवा कीबोर्ड मला एकटीला जमला नाही, तर शनिवार संपले.

वाद्यवृंदातला माझा जुना सोबती छावणी भागात राहतो. तोही आंधळा. त्यानं फोनवर बजावलं, "आपा, दुकान में जाके पहले मशीन बंद करवा. मग तूच चालू कर, तुझा हार्मोनियम शोधून काढ. नाय सापडला तर सलाम करून घरी ये."

"मला शिकवू नको," मी म्हणाले.

दुकानात एक सूर दाबला आणि विरघळलेच. शंभर वाद्यं, ताल, रेकॉर्डिंग, सगळं एकाच पेटीत.

"बटणं कुठंयत?"

"बटणं कमीच, काकू. सगळं काचेवर."

हात फिरवला. गार, गुळगुळीत, धुतलेल्या ताटासारखं. पण अडाणी ठरायला नको म्हणून मी म्हणाले, "हां, आता तसंच असतं."

पुंडलिकनगरला घरी आल्यावर सुनेकडून काचेवरच्या जागा विचारून घेतल्या आणि माझी जुनी युक्ती केली, टिकल्या चिकटवल्या. हार्मोनियमला गोल, तबल्याला लांबट, बंद करायला मोठी. जुन्या बटणांवर चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

"पण आई, पान बदललं की..."

"वाळूजची बस चुकेल तुझी. जा."

दुपारी घरात मी एकटी. गायचा माईक जोडला, गोल टिकली दाबली. हार्मोनियम नाही. आत कुठंतरी बारीक टक् झालं आणि कुणी श्वास धरून बसावं तशी शांतता. मला खोकला आला. लांबट टिकली दाबली.

समोर कुणीतरी खोकलं.

मागोमाग बांगड्या किणकिणल्या. मी हात मांडीवर गच्च धरले. तरी किणकिणल्या.

"कोण हाय?"

क्षणभरानं त्याच जागेवरून आलं, "कोण हाय?"

आवाज माझाच होता. आम्ही खोली कानानं ओळखतो. भिंत इथं, दार तिथं, हे आवाज कुठून परततो त्यावरून कळतं. आणि जिथं खुर्चीच नाही तिथं दुसरी मी बसलेली. मोठी टिकली दाबली. बंद होईना. प्रत्येक स्पर्शाला एक खोकला, एक किणकिण, एक "कोण हाय" वाढत गेलं, एकावर एक. उठले, प्लगकडे निघाले, तर भिंत लागेना. माझ्या स्वतःच्या घरात मी पहिल्यांदा वाट चुकले.

सून आली तेव्हा मी गॅलरीत कठडा धरून उभी. आत बाया अजून विचारतच होत्या.

"आई, हे तुमचंच रेकॉर्डिंग. पान बदललंय ना. टिकली तिथंच आहे, पण खाली आता हार्मोनियम नाही." मग थांबली. "काचेवर काहीतरी विचारतंय हे. हो म्हणते."

"काय वाट्टेल ते म्हण, पण गप कर."

सोबत्याला कळलं तसा तो खदखदला. "आपा, आँखें बंद करके खरीदा क्या?"

"आणि तू तुझा बघून घेतला व्हय?"

दुकानदारानं अदलाबदल मान्य केली. या वेळी मी मशीन बंद करायला लावली आणि सुनेसकट सगळ्यांना लांब उभं केलं. दोन मशीनींवर हरले. तिसरीला खरी बटणं होती, आणि बोट ठेवलं की ती नाव बोलून सांगे. चाचपडत, चुकत, हार्मोनियम सापडला. एकटीला. डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांचा तेवढाच उपयोग.

तेवढ्यात दुकानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात कुणाचं तरी बोट माझ्या परत केलेल्या काचेवर पडलं. खोकला. बांगड्या.

"कोण हाय?"

सुनेनं येऊन माझा दंड पकडला. "आई, त्या दिवशी सेव्ह करू का विचारत होतं वाटतं."

माझ्या हातात त्या दिवशी एकही बांगडी नव्हती. भीतीनं काढून ठेवलेल्या. "मी हाय," म्हणाले, आणि वाजवत राहिले.

शनिवारी मुलींना पहिलं सांगितलं, "आधी बंद करा. आता एकेकीनं चालू करून दाखवा."

ती काचेची पेटी कुणी नेली, ठाऊक नाय. आतला आवाज पुसायचं विसरूनच गेलं. तुमच्या घरात दुपारी कुणी विचारलं, तर घाबरू नका. म्हातारी आहे, आणि तिला अजून बंद करायची टिकली सापडलेली नाय.