खोक्यावर बसणारे गुलाबराव

गुलाबराव पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काखेतला पुठ्ठ्याचा खोका जमिनीवर ठेवला, हाताने झटकला आणि सगळ्या अंगानिशी ते त्यावर बसले. अंग केवढं, तर आमच्या पुढच्या दारातून आत येताना त्यांना जरा तिरपं व्हावं लागे. खोका करकरला, एका कोपऱ्यातून कुरकुरला, पण उभा राहिला.

"पाह्यलं, काकू?" ते म्हणाले. "माह्यासारखा गडी बसला तरी उभा हाये. आता कुरिअरवाला याच्यावर नाचला तरी तुमच्या कुर्त्याले कायी होत नाही."

मी विचारलं, "चहा त्याच्यावर बसूनच घेणार?"

"मंग! चहा होईस्तोवर टिकला पाह्यजे न थो."

रेवा, ईशान, तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाही. पण तुमच्या शुभाआत्याच्या कपड्यांचा खोका दर वर्षी तुमच्या घरी येतो आणि त्यावरचं कापसाचं बोंड तुमच्या ओळखीचं आहे. ते बोंड घाटंजीच्या गुलाबरावांनी छापलेलं.

शुभाने यवतमाळला आपल्या मागच्या खोलीत सुती कुर्ते शिवून बाहेरगावी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही ओळखीच्या दुकानांतून रिकामे खोके मागून आणत असू. आमच्या भागात रिकामा खोका म्हणजे बहुधा बियाण्याचा, नाहीतर फवारणीच्या औषधाचा. एकदा बंगळूरच्या एका बाईंनी फोटो पाठवला. आत लाल कुर्ता, नीट घडी घातलेला, आणि झाकणावर कवटी व दोन हाडं. खाली त्यांनी विचारलं होतं, "हा धुऊन घालायचा, की हातमोजे चढवून?" शुभा दिवसभर हसत होती. मी मात्र त्याच संध्याकाळी स्वतःच्या नावाच्या खोक्यांची चौकशी सुरू केली. नागपूरच्या कारखान्यांना एकदम इतके खोके खपवायचे होते की ते ठेवायला आम्हालाच घर सोडून जावं लागलं असतं. शेवटी कोणीतरी गुलाबरावांचं नाव सांगितलं. ते लग्नपत्रिका छापत. मिठाईच्या दुकानांसाठी नागपूरहून कोरे खोके आणत आणि जाळीच्या चौकटीतून रबरी पट्टीने शाई ओढून त्यावर नावं छापून देत. आमचे थोडे खोकेही त्यातच आणायला ते तयार झाले.

पहिला नमुना आला तो पाहून मी कपाळाला हात लावला. माथ्यावर "॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥", दोन्ही बाजूंना सनई आणि कलश, मधे बिचारं बोंड, आणि झाकणाच्या आतल्या पट्टीवर, पत्रिकेत लहान मुलांच्या नावाने असतं तसं, "परत यायचं हं!"

"गुलाबराव, हे लग्न नाही. पार्सल आहे," मी म्हटलं.

"काकू, पोरगी सासरी चाल्ली काय अन् कुर्ता चाल्ला काय, पाठवनी थे पाठवनी. उगं मुक्यानं धाडता का?"

मी आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांचे मसुदे तपासले. लाल पेन्सिल घेतली आणि सनई, कलश, सगळं काढून टाकलं. झाकणाच्या आतली ओळ तेवढी शुभाने माझ्या हातून वाचवली. "आई, ही राहू दे. इथे कोण पाहतंय?" पुढे लोक कुर्त्याचे कमी आणि त्या ओळीचे फोटो जास्त पाठवू लागले. गुलाबराव ते फोटो पाहत आणि माझ्याकडे मुद्दाम न पाहता शुभाला म्हणत, "काकूले दाखवू नोका. त्यायची पेन्सिल कोठं हाये?"

मालाच्या बाबतीत मी कडक होते. प्रत्येक खेपेला टेपने लांबी-रुंदी मोजायची, कडा बोटाने दाबून पाहायच्या, बोंड जरा कलतं छापलं गेलं असेल तर तो खोका बाजूला. गुलाबराव भिंतीला टेकून माझ्याकडे बघत बसत.

"काकू, इतकं पाहून तं तुम्ही सूनबी आनली नसन."

हे तुमच्या आईला सांगू नका.

माल आणला की ते आमच्याकडे जेवत. गोळाभात असला तर न विचारता पुन्हा वाढायचा, आणि वरून फोडणीचं तेल हात आखडता न घेता. वाढता वाढता मी त्यांना व्याख्यान देई: साखर तपासा, चालायला जा, पोट कमी करा. ते भाताला आळं करत म्हणत, "पोट कमी केलं तं धंदा कोन करन? हे पोट नोय काकू, मशीन हाये. कारखानेवाले बदमाश असतात. कागद हलका देल्ला का मी बसल्याबरोबर समजते. मी बसलो तरी उभा राह्यला पाह्यजे, तवा पास." आणि हे खरं होतं. दोनदा त्यांनी आमच्यासमोर खोका चेपवून दाखवला होता आणि अख्खी खेप परत धाडली होती. त्या दोन्ही वेळा ते असे खूश होते, जसं एखाद्याने कुस्ती मारावी.

गेल्या वर्षी श्रावणात ते आले ते दारातून सरळ आत आले. मी स्वयंपाकघरातून पाहिलं. शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा, पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक. जेवताना त्यांनी एकदाच भात घेतला आणि त्यातलाही बाजूला सारला. मला आनंद झाला. हो, आनंदच झाला. "वा गुलाबराव, शेवटी ऐकलंत माझं! बघा कसे छान दिसताय." शुभाला बोलावून म्हटलं, "यांचा फोटो काढ, आधीचा आणि आताचा शेजारी लावू." पट्ट्याच्या भोकावरूनही मी काहीतरी चेष्टा केली. ते ताटाकडे पाहत होते.

"तुमचंच आयकलं, काकू," ते म्हणाले.

मग दिवाळीच्या मालाचा नमुना जमिनीवर ठेवून ते नेहमीसारखे त्यावर बसले. खोका या वेळी करकरलासुद्धा नाही. "पास," ते म्हणाले. आम्ही म्हटलं, या खेपेचा माल फारच चांगला दिसतोय.

दिवाळीच्या तोंडावर फोटो येऊ लागले. पुण्याहून, हैदराबादहून, भोपाळहून. खोके चेपलेले, कोपरे फाटलेले, आतल्या कपड्यांना रस्त्याची धूळ. एका बाईंचा भाऊबिजेचा कुर्ता काळ्या डागासह पोचला होता. शुभा रडकुंडीला आली. सगळ्या वर्षाची विक्री त्या दिवसांतच होते. मी गुलाबरावांना फोन करून बोलावून घेतलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

"पुठ्ठा बदललात तुम्ही."

"नाही, काकू."

"मग हे काय आहे?"

"तुमच्या समोरच बसलो होतो न मी."

"बसून काय कळतं? आम्ही विश्वासानं माल घेतो तुमच्याकडून."

तो शब्द त्यांना लागला. त्यांनी उरलेल्या खोक्यांतला एक घेतला, कड फाडून कागद बोटांत चोळला. मग दुसरा खोका जमिनीवर ठेवून ते त्यावर बसले. खोका उभाच राहिला. एरवी अशा वेळी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नाही. गुडघ्यांवर हात ठेवून खाली खोक्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पकडले गेले म्हणून मान खाली घातली आहे. थोड्या वेळाने उठले, "येतो," म्हणाले आणि पाणीही न घेता गेले.

पुढच्याच आठवड्यात फोन आला.

"काकू, साळ्याले बसवलं खोक्यावर. पापड झाला त्याचा. कागद हलका देल्ला कारखान्यानं, तुमचं बरोबर हाये. पन म्या पकडला असता. दर खेपेले पकडतो. औंदा…" इथे ते हसले, "औंदा म्याच हलका झालो न. मशीन बिघडली."

मुलांनो, हा फोन मी मनात पुष्कळदा पुन्हा घेतला आहे. माणूस स्वतःच्या तोंडाने मला सांगत होता. मी विचारायला हवं होतं, किती दिवसांपासून, भूक का लागत नाही, डॉक्टरांना दाखवलंत का. व्याख्यानं द्यायला तर मला नेहमीच यायचं. मी विचारलं ते असं:

"मग नवे खोके दिवाळीच्या आत मिळतील ना?"

"भेटतीन न. कायले घाबरता?"

आणि मिळाले. बोंड एकाही खोक्यावर कलतं नव्हतं. या वेळी खोके घेऊन त्यांचा साळा आला होता. मी टेप लावली, कडा दाबल्या, सगळं नीट आहे असं पाहून त्याला चहा दिला. गुलाबराव का आले नाहीत, हे मी विचारलं. "बरं नाही थोडं," तो म्हणाला. मी म्हटलं, "काळजी घ्यायला सांगा." असं आपण कोणालाही म्हणतो.

दिवाळी झाल्यावर त्यांना नागपूरला नेलं. पोटाचा आजार होता आणि तो फार पुढे गेला होता. आम्हाला कळलं तेव्हा त्यांना घरी परत आणलं होतं. शुभा आणि मी घाटंजीला गेलो. त्यांची बायको मंदा हिला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं त्यांना जेवायला वाढलं, पण तिला कधी बोलावलं नव्हतं. ती आम्हाला बाहेरच्या खोलीत थांबवून हळू आवाजात सांगत होती. तक्रार करत नव्हती, नुसतं सांगत होती. "तवाच म्हनलं, दवाखान्यात चाला. एका हातानं पोट दाबे अन् एका हातानं पट्टी ओढे. आयकलंच नाही. म्हने, काकूचे खोके होऊ दे, मंग जाऊ."

आत खाटेवर पांघरुणाखाली माणूस आहे हे नीट पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. त्यांच्यासाठी शुभाने एक सदरा शिवला होता. मापाचा प्रश्न आलाच, तेव्हा तिने अंदाजाने लहान शिवला. तो आमच्याच खोक्यात घालून नेला होता. त्यांची नजर आधी खोक्यावर गेली.

"खाली ठेवा," ते म्हणाले. "बसा."

"कोण?"

"तुम्ही, काकू. आता दुसरं कोन हाये?"

मी शुभाकडे पाहिलं. मग साडी सावरून, त्या खोलीत, त्या खोक्यावर बसले. गुलाबरावांना हसू आलं, आणि हसताना दुखलं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

"छ्या! तुमच्या बसन्यानं तं कागदाले पत्ताच नाही लागत. शुभाताईले बसवत जा."

मंदाही हसली. मी तशीच बसून राहिले. इतक्या खालून त्यांचा चेहरा अगदी समोर येत होता. म्हटलं, "गुलाबराव, त्या दिवशी मी तुम्हाला विश्वासाचं बोलले, आणि मग फोनवर…"

"कागद बरोबर हाये," ते मधेच म्हणाले. "पास."

मला पुढे बोलू दिलं नाही. हा त्यांचा चांगुलपणा होता की थकवा, मी सांगू शकत नाही. चांगुलपणा समजून घेणं माझ्या सोयीचं आहे, म्हणून मी तसं समजत नाही. निघताना मी दारात वळले तर ते झाकणाच्या आतली ओळ म्हणाले, अगदी छापील मराठीत, "परत यायचं हं!" मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात जाऊ, संक्रांत झाल्यावर जाऊ, असं चाललं होतं. शेतांत तुरीची कापणी चालू असताना ते गेल्याचं कळलं.

शुभा म्हणते, "आई, आपल्याला काय माहीत होतं?" माहीत नव्हतं हे खरं. पण दिसत होतं. एका सुताइतकं कलतं बोंड मला दिसायचं आणि तो माणूस माझ्या पानावर बसून घासाघासाने कमी होत होता, तर मी त्याला शाबासकी दिली. मी इतकी व्याख्यानं दिली नसती, तर "तुमचंच आयकलं" असं म्हणून त्यांना माझ्यापासून लपता तरी आलं नसतं.

आता नवे खोके दुसरीकडून येतात. नमुना आला की शुभा त्यावर बसते. झाकणाच्या आतली ओळ तशीच आहे. नव्या छापखान्याला मी लिहून दिलं आहे की तिला हात लावायचा नाही.

रेवा, मागच्या आठवड्यात तू फोटो पाठवलास. सगळ्यांनी लिहिलं, किती छान बारीक झालीस. मी लिहिलं, भूक लागते ना? जेवण जातं ना? तुला राग आला; "आजी, मी मुद्दाम केलंय, कौतुक तरी कर," म्हणालीस. तुझं बरोबर असेल. पण ते कौतुक माझ्या तोंडून आता निघत नाही, त्याचं कारण हे असं आहे. आणि व्हिडिओवर बोलताना मी दर वेळी तुम्हाला म्हणते ना, उठा, मागे जा, भिंतीपर्यंत जा, तुम्ही दोघं हसता, ईशान तर मुद्दाम गोल फिरून दाखवतो. हसा. फोनवर नुसते चेहरे दिसतात रे, आणि चेहऱ्याने माणूस म्हणतो, तुमचंच ऐकलं. तेव्हा रविवारी फोन लावाल तेव्हा आधी मागे जा. आजीला पूर्ण दिसेपर्यंत.